पापणी लवणारा दिवा

हमरापुरात गणपतीच्या कारखानेवाल्यांकडे नवी सून आली की तिला दोन गोष्टी आधी सांगतात. कच्च्या मूर्तीला ओला हात लावायचा नाही, आणि घरातला म्हातारा आखणीला बसला की त्याच्या आणि उजेडाच्या मध्ये उभं राहायचं नाही. प्रतिक्षानं दोन्ही गोष्टी मान डोलावून ऐकल्या आणि वर्षाच्या आत कारखान्यातला उजेडच बदलून टाकला.

तिचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ती खांब गावाकडची, भातवाल्यांच्या घरातली. डिप्लोमा करून रोह्याला एका लहानशा कंपनीत लागली होती. तिथं एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर बोर्ड बनत आणि ते तपासून पास-नापास करण्याचं काम तिच्याकडे होतं. हरेशशी लग्न होऊन ती पेणच्या बाजूला आली, पण नोकरी सोडली नाही. सकाळची शिफ्ट धरायची आणि दुपारी परत यायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आळीतल्या बायका म्हणत. सासू सीताबाई मात्र म्हणायची, तिखट असू दे, आमच्यात सगळेच अळणी आहेत.

कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पत्र्याची शेड. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या कागदाच्या भिंती, मध्ये फळ्यांच्या रांगा आणि रांगांवर मूर्ती. तिथं मोठे हॅलोजन लावलेले होते. त्यांच्या धगीनं शाडू एका अंगानं लवकर सुकायचा आणि मूर्तीला चीर जायची. प्रतिक्षाच्या डोक्यात आलं, इथं आपले दिवे का नकोत? एलईडीला वीज नुसतीच सोडली तर ती जळते. दुधाखाली आच धरावी तशी मोजून द्यावी लागते, आणि ते मोजण्याचं काम ड्रायव्हर बोर्डावरची नखाएवढी आयसी, म्हणजे चिप, करते. दिवा मंद करायचा तर ही आयसी आच कमी करत नाही. ती दिव्याला सेकंदात शेकडो वेळा विझवते आणि पेटवते. विझलेला वेळ जास्त ठेवला की दिवा मंद. माणसाचा डोळा फसतो, त्याला सगळा सलग उजेड वाटतो.

तिनं रांगेगणिक एक दिवा टांगला आणि प्रत्येक दिव्याला एक सेन्सर जोडला. खाली माणूस असेल तर दिवा पूर्ण, नसेल तर हळूहळू खाली. सेन्सर इतका हळवा की माणूस गप्प बसलेला असला तरी श्वासानं छाती हलते तेवढ्यावर त्याला कळायचं. हरेशला हे फार आवडलं. आल्यागेल्याला तो शेडमध्ये नेऊन दाखवायचा. चालू लागलं की डोक्यावरचे दिवे एकेक करून उजळायचे आणि मागचे एकेक करून मावळायचे.

राहिला सासरा, जनू. त्याला सगळे दादा म्हणत. पंचाहत्तरी उलटलेली, दात निम्मे गेलेले, पण डोळे असे की शेजारच्या सुना सुया घेऊन यायच्या आणि हा चष्म्याशिवाय दोरा ओवून द्यायचा. घरातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे तो एकटा लिहायचा. त्यालाच आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. मुंबई-ठाण्याची घरं पिढीजात पाट आणून ठेवायची ती जनूच्या आखणीसाठी. बघणारा कुठंही उभा राहो, मूर्ती त्याच्याकडेच बघते असं म्हणायचे. रंग काय, कोणीही लावतो. डोळे लिहिल्याशिवाय मूर्ती म्हणजे शाडूचा गोळा, आणि तो काही कोणी पाटावर बसवून घरी नेत नाही.

दादाच्या बसायच्या जागेवर प्रतिक्षानं मुद्दाम चांगला दिवा लावला, थोडा मंद, डोळ्याला सोसेल असा. दादा खाली बसला, हनुवटी वर केली, डावा डोळा जरासा बारीक केला आणि दिव्याकडे बघत राहिला.

"ह्यो दिवा पापनी लवतोय गो," तो म्हणाला.

प्रतिक्षाला हसू आलं. कंपनीतल्या साहेबालाही यंत्र लावल्याशिवाय ते दिसत नाही, असं तिनं सांगितलं. दादानं वाद घातला नाही. ब्रश हातात घेतला आणि दिव्याखाली हवेत झटकन फिरवला. सलग रेघ दिसायला पाहिजे, मला ठिपके दिसतात, म्हणाला. मग तिनं ब्रश फिरवून बघितला. दोनदा काहीच कळलं नाही. तिसऱ्यांदा नेट लावून बघितलं तेव्हा तिलाही दिसलं. ब्रशचं टोक सलग जात नव्हतं, टिकलीटिकलीनं जात होतं. त्या बोर्डावरची आयसी जुनी होती, सावकाश उघडझाप करणारी.

तिला एवढं कौतुक वाटलं म्हाताऱ्याचं की दुसऱ्या दिवशी कंपनीतून मागून घेऊन ती नवा, वेगवान बोर्ड घेऊन आली. दादानं पुन्हा वर बघितलं, डोळा बारीक केला आणि म्हणाला, आता डोळा उघडा आहे. जुना बोर्ड तिनं आपल्या हत्यारांच्या डब्यात टाकला. त्या दिवसापासून दोघांचं चांगलं जमलं. सीताबाई म्हणायचीसुद्धा की लेकाशी बोलला नाही एवढा हा सुनेशी बोलतो.

घोटाळा झाला तो शेवटचा दिवा लावताना.

शेडच्या आतल्या कोपऱ्यात एक मूर्ती कायम ओल्या फडक्याखाली असायची. हंगामातली पहिली मूर्ती ती. या घराची रीत अशी की पहिली मूर्ती हातानं घडवायची आणि कच्ची असतानाच तिचे डोळे लिहायचे. मग फडकं टाकून कोपऱ्यात ठेवायची. रोज फडक्यावर पाणी शिंपडायचं, पण ते उचलायचं नाही. सगळे गणपती घरोघरी गेले की मग ती खाडीत सोडायची. तोवर ती कारखान्यावर नजर ठेवते. त्या कोपऱ्यात जायचं नाही एवढं प्रतिक्षाला सांगितलं होतं. डोळ्यांचं कोणी बोललं नव्हतं. घरातल्यांना वाटलं, हे काय सांगायचं, माहीतच असणार.

वैशाखातली दुपार होती. घरचे सगळे वडखळला हळदीला गेलेले. कोपऱ्यावर दिवा टांगायचा राहिला होता, म्हणून प्रतिक्षा शिडी घेऊन एकटी आत गेली. उतरताना शिडीचा पाय सरकला आणि फडक्याखालच्या मूर्तीला लागला. आवाज मोठा झाला नाही. फडक्याचा आकार मात्र बदलला.

तिनं दाराकडे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. तिनं रोज बघितलं होतं, कच्च्या मूर्तीला चीर गेली की सीताबाई ती उचलते, हौदात टाकते आणि वर पाणी घालते. माती ती माती. दोन दिवसांत भिजते, पुन्हा मळतात, पुन्हा साच्यात. प्रतिक्षानं तेच केलं. फडक्यासकट मूर्ती उचलली, हौदावर पालथी धरली, फडकं काढून घेतलं आणि काठीनं ती पाण्याखाली दाबली. मग रांगेतली तेवढ्याच उंचीची एक कच्ची मूर्ती कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि तेच फडकं तिच्यावर टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. संध्याकाळी सगळे आले, जेवले, झोपले. कोणाला काही कळलं नाही.

दिव्यानं आधी सांगितलं.

शेडमधून सगळे बाहेर पडले की दिवे खाली जायचे. आता हौदावरचा जाईना. हरेश म्हणाला, उंदीर असेल. सीताबाईनं सापळा लावला, त्यात काहीच आलं नाही. प्रतिक्षानं सेन्सरचं तोंड फिरवलं. पत्र्याआड, प्लास्टिकपलीकडे काही हललं तरी त्याला दिसतं, तेव्हा बाहेरचं कुत्रंही असू शकतं, असं तिनं घरच्यांना समजावून सांगितलं. स्वतःला समजावताना मात्र तेवढं सोपं गेलं नाही, कारण चोराच्या मनात चांदणं.

"कोनाला बसवलंस गो हौदावर?" सीताबाई थट्टेनं म्हणायची, आणि प्रतिक्षाच्या हातातलं काम थांबायचं.

मग हरेशनं हौदातली माती काढली, कुटली, मळली आणि साच्यांत भरली. हौद रिकामा झाला आणि हौदावरचा दिवा गपगुमान खाली जाऊ लागला. प्रतिक्षानं सुटकेचा श्वास टाकला. तो तिनं जरा लवकर टाकला. त्या मातीच्या मूर्ती साच्यातून निघून मधल्या रांगेत सुकायला बसल्या आणि त्या रांगेवरचा दिवा पूर्ण उजळला तो उजळलाच. आषाढ गेला. मूर्तींना रंग लागले, पीतांबर आले, दागिने आले. शेडमध्ये चिटपाखरू नसताना सगळ्या रांगा मंद असायच्या आणि मध्येच ही एक रांग लख्ख, जसं काही कोणी सभा भरवून बसलंय.

श्रावण लागला तसा दादा आखणीला बसला. एका कडेच्या रांगा त्यानं झपाट्यानं उरकल्या. मग मधल्या रांगेतली पहिली मूर्ती हरेशनं आणून त्याच्या मांडीवर दिली. दादानं ब्रश काळ्यात बुडवला, टेकवायला आणला आणि तसाच धरून ठेवला. चेहरा कोरा होता. भुवयांखाली नुसता गुलाबी रंग. दादा त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं नजर खाली घातली, माणसानं माणसासमोर घालावी तशी. ब्रश धुऊन ठेवला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी बसला नाही, तिसऱ्याही नाही. दुसऱ्या रांगेतली मूर्ती देऊन बघितली, तीही घेईना. तो पाठीमागून बघतोय, एवढंच म्हणायचा. कोण बघतोय ते सांगायचा नाही. हरेश हवालदिल झाला. गणपती तोंडावर आलेले, दाराशी पाटांची चळत, आणि निम्म्या मूर्ती डोळ्यांविना. दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावं तर शेजारचे कारखानेही आपापल्या घाईत, आणि लोक नाव जनूचं सांगून पाट ठेवून गेलेले. तो पहिल्यांदा बायकोवर चिडला. त्या दिव्यानंच म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, ते तू नीट कर नाहीतर काढून टाक, असं त्यानं बजावलं. तो जेवलाही नाही.

प्रतिक्षाला आता एकच हवं होतं, दादाचा हात पुन्हा चालायला हवा. त्यासाठी दोष दिव्यात निघायला हवा होता. तशी तिनं देवाला प्रार्थनाही केली, आयसी जळलेली निघू दे म्हणून. मधल्या रांगेवरचा बोर्ड काढून ती रोह्याला घेऊन गेली आणि टेबलावर लावून शिफ्टभर तपासला. बोर्ड निर्दोष. सेन्सर दुसरा आणला, तरी दिवा खाली येईना. शेवटी दादाच्या जागेवरचा चांगला बोर्डच तिनं मधल्या रांगेवर नेऊन लावला. तोच एक तिच्या पूर्ण भरवशाचा होता. दादा बसतच नव्हता, तेव्हा त्याच्या जागेवर तात्पुरता डब्यातला जुना बोर्ड जोडून दिला.

भरवशाचा बोर्डही खाली येईना.

एका सोमवारी घरातले सगळे देवळात गेले होते. दुपार होती, आभाळ गच्च भरून आलेलं. तिनं शेड बंद केली आणि पार जांभळाच्या झाडापर्यंत मागे गेली. सेन्सरला ती दिसू नये एवढं अंतर ठेवून प्लास्टिकच्या फटीतून बघत उभी राहिली. कडेचे दिवे मावळले. कोपऱ्यावरचा, फडक्याखालच्या मूर्तीवरचा दिवाही शहाण्यासारखा मावळला. मधला उजळ राहिला.

मग तोही जरासा खाली आला. तिला बरं वाटलं. पण तो पुन्हा वर गेला. सावकाश खाली, सावकाश वर. तिनं बनवलेल्या दिव्याला असं करायला येतच नव्हतं. एकदा खाली जायला लागला की तळापर्यंत जायचा, नाहीतर पूर्ण पेटायचा, मधलं काही त्याच्या आयसीत नव्हतं. हा वर-खाली होत होता, निजलेल्याची छाती व्हावी तसा. तिच्या नकळत तिचा स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर पडू लागला. ते लक्षात आलं तेव्हा तिनं तोंडावर हात दाबला आणि श्वास रोखला. दिवाही तिथंच थांबला.

ती धावली नाही. तिचे पाय हलले नाहीत म्हणून. देवळातून घरचे येईपर्यंत ती जांभळाला पाठ लावून उभी होती, आणि मग सरळ दादाकडे गेली. तो पडवीत एकटा बसला होता. तिनं सगळं सांगितलं. शिडी, फडकं, हौद, कोपऱ्यातली दुसरी मूर्ती. सांगताना रडू आवरेना.

दादा उठला, शेडमध्ये गेला आणि कोपऱ्यातलं ते फडकं त्यानं उचललं. खालची साच्यातली मूर्ती ओली, बिनडोळ्यांची.

"मना ठावं व्हतं," तो म्हणाला. "तू दिवा लावलास आनी सांजला तो खाली गेला, तवाच कललं. बघनारा हितं असता तर दिवा कसा खाली जाईल? तू सांगशील म्हनून वाट बघत व्हतो."

प्रतिक्षाला भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, पण भिंत प्लास्टिकची होती. तिनं विचारलं, माती ती मातीच नव्हे का? दादानं मान हलवली. डोळे लिहिले नाहीत तोवर माती, तोवर शंभरदा मोडा आणि शंभरदा घडवा. डोळे लिहिले की मग मोडायची नाही, सोडायची. या मूर्तीचे त्यानं स्वतः लिहिले होते, अक्षय्य तृतीयेला, आंघोळ करून. हरेशनं ते डोळे कुटले, मळले आणि साच्यांत भरले. आता त्या रांगेतल्या सगळ्या मूर्ती बघत होत्या, आणि त्यांना डोळे नव्हते.

"हौदात टाकलास तवा तोंड वर व्हतं का खाली?"

"खाली."

"मंग तुला बघितली नाय तेनं," दादा म्हणाला, आणि त्याला खरंच हायसं वाटल्यासारखं दिसलं. "बरा झाला. लिवलं मी, तर बघनाऱ्याला जाब पन मीच देनार."

घरात त्यानं एवढंच सांगितलं की मधल्या रांगेतल्या मूर्ती खराब आहेत, सोडायच्या. हरेशनं डोक्याला हात लावला, पण आखणी सुरू होईल या आशेवर गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी भरतीला टेंपोत मूर्ती घालून ते खाडीवर गेले. बांधावर हरेश एकेक मूर्ती उतरवून द्यायचा, प्रतिक्षा ती दादाच्या हातात द्यायची आणि दादा कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडायचा. सोडण्याआधी प्रत्येक मूर्ती तो तोंडासमोर धरायचा. कपाळाला कपाळ टेकवायचा, त्या कोऱ्या जागेला आपले डोळे लावायचा आणि काहीतरी बोलायचा. वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही. शेवटच्या मूर्तीला तो इतका वेळ धरून उभा राहिला की हरेशनं दोनदा हाका मारल्या.

बाहेर आला तेव्हा तो दमलेला होता. बांधावरून परत चालताना त्यानं प्रतिक्षाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो टेंपोपर्यंत काढला नाही. एवढं करूनही म्हातारा आपल्यावर रागावलेला नाही, या विचारानं तिला भरून आलं.

त्या संध्याकाळी शेडमधले सगळे दिवे मावळले. प्रतिक्षा दारात उभी राहून बघत होती. शेवटचा दिवा खाली गेला आणि आत नुसता मंद, सारखा उजेड राहिला. सीताबाईनं बाहेरूनच हात जोडले.

सकाळी दादा न बोलावता आखणीला बसला. आणि काय बसला. हरेश मूर्ती मांडीवर द्यायचा, दादा अंगठ्यानं भुवयांखालची जागा चाचपायचा, ब्रश टेकवायचा आणि एका दमात डोळा उतरायचा. पूर्वी दोनदा मान मागे घेऊन बघायचा, आता तेवढंही नाही. रंगांच्या वाट्या मात्र ठरल्या जागीच हव्यात म्हणून सीताबाईवर खेकसायचा. गिऱ्हाईकं येऊन मूर्ती उचलू लागली. ठाण्याच्या एका म्हातारीनं फडकं टाकायच्या आधी मूर्तीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असे डोळे जनूनं उभ्या जन्मात लिहिले नव्हते, असं जो तो म्हणत होता. हरेश बायकोशी पुन्हा हसून बोलू लागला. प्रतिक्षा शिफ्टवरून आली की हातपाय धुऊन दादाजवळ बसायची, धुतलेले ब्रश पुसून द्यायची. इतक्या दिवसांनी तिला घर आपलं वाटत होतं.

हरतालिकेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुसऱ्या कडेच्या दोन रांगा राहिल्या होत्या. हरेश मंडळाची मूर्ती पोचवायला पेणला गेला होता, म्हणून मूर्ती उचलून द्यायचं काम प्रतिक्षाकडे आलं. दादानं पांढऱ्यात ब्रश बुडवला आणि वाटीच्या काठावर झटकला. ती समोरच बसली होती. ब्रशचं टोक जाताना सलग गेलं नाही. ठिपक्याठिपक्यानं गेलं.

तिला वाटलं, भास झाला. दादानं पुन्हा ब्रश झटकला. पुन्हा ठिपके.

तिनं वर बघितलं. दादाच्या डोक्यावर जुना बोर्ड होता, सावकाश उघडझाप करणारा. तिनंच तात्पुरता लावला होता आणि आनंदाच्या भरात बदलायचा विसरली होती. इतके दिवस दादा त्याच दिव्याखाली बसून डोळे लिहीत होता. ज्याला पहिल्याच नजरेत दिव्याची पापणी लवलेली दिसली होती, तो एका शब्दानं बोलला नव्हता.

अंगठ्यानं चाचपणं आठवलं. ठरल्या जागच्या वाट्या आठवल्या. बांधावरून टेंपोपर्यंत खांद्यावर राहिलेला हात आठवला.

"दादा," ती म्हणाली, "दिवा पापणी लवतोय का?"

दादाचा ब्रश मूर्तीच्या चेहऱ्यापाशी थांबला. मग त्यानं हनुवटी वर केली, पण दिवा होता तिकडे नव्हे, जरा बाजूला.

"दिवा लागलाय व्हय गो?" त्यानं विचारलं.

तिला हुंदका आला. तो त्यानं ऐकला असावा, कारण त्यानं चाचपत तिचं मनगट धरलं. डोळे मळले गेले होते, ते कुठून तरी भरून द्यावेच लागले असते, असं तो समजुतीच्या आवाजात म्हणाला. म्हातारपणी तसेही ते जातातच. हरेशला हे कधीच कळता कामा नये, मळणारे हात त्याचे होते.

"आनी तू रडू नको. मना काम करू दे. दोन रांगा हायेत अजून."

हातातली मूर्ती त्यानं एका दमात पुरी केली आणि ती घ्यायला तिच्यापुढे धरली. प्रतिक्षानं ती घेतली, पुढची कोरी मूर्ती उचलून त्याच्या मांडीवर दिली आणि तिचं तोंड त्याच्याकडे फिरवून ठेवलं. मग घेतलेली मूर्ती फळीवर ठेवताना तिनं पहिल्यांदा नीट बघितलं.

जनूच्या हातची मूर्ती बघणाऱ्याकडे बघते असं म्हणायचे. ही मूर्ती प्रतिक्षाकडे बघत नव्हती. डोळे ओले होते, रंग अजून सुकायचा होता. डावा डोळा जरासा बारीक केलेला होता, आणि ती वर दिव्याकडे बघत होती.